मोठें मूल दत्तक घेतांना
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

'दत्तक' हा शब्द कानीं पडला कीं मराठी माणसाच्या मनांत प्रथम इतिहासाचीं पानें उघडतात. इंग्रजांनीं १८४८ मध्यें साताऱ्याचें आणि १८५४ मध्यें झांशीचें राज्य खालसा केलें, तें दत्तक नामंजूर करूनच. शाळेंत हें सर्व आपण पाठ केलेलें आहे. आणि त्यामुळें दत्तक म्हणजे गादीला वारस, पिंडाला पुत्र व इस्टेटीला धनी, ही कल्पना आपल्या मनांत घर करून बसली आहे. या कल्पनेंत घराण्याची गरज आहे, आईबापांची हौस आहे. मुलाला स्वतःला कांहीं हवें असतें, हा विचार मात्र तींत नाहीं. आज मला मुलाच्या बाजूनें बोलावयाचें आहे. आणि तेंहि तान्ह्या मुलाच्या नव्हे, तर सहा, आठ, दहा वर्षांच्या मुलाच्या बाजूनें.

प्रथम त्याच इतिहासांतील दोन गोष्टी सांगतें. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनीं १८७५ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या खेड्यांतला गोपाळ नांवाचा एक मुलगा दत्तक घेतला. तो त्या वेळीं बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तोच पुढें सयाजीराव महाराज झाला, आणि १९०६ मध्यें त्यानें आपल्या सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. दुसरी गोष्ट कोल्हापूरची. राणी आनंदीबाई यांनीं १८८४ मध्यें कागलकर घाटग्यांचा यशवंत दत्तक घेतला, तेव्हां त्याला दहावें वर्ष चालू होतें. तेच राजर्षि शाहू छत्रपति.

या दोघांच्या पाठीशीं राज्य होतें, शिक्षक होते, आणि ते कांहीं अनाथ नव्हते, हें मी विसरत नाहीं. परंतु एवढें तरी यावरून सिद्ध होतें कीं, 'मोठें मूल परक्या घरांत रुजत नाहीं' ही जी आपली आजची पक्की समजूत आहे, ती आपल्या आजोबा-पणजोबांची नव्हती. ती अलीकडची आहे. आणि या समजुतीपायीं आज पुष्कळ मुलांचें बालपण वाया जात आहे.

कसें तें आंकड्यांवरून पाहूं. आपल्या देशांत संस्थेंतील मूल दत्तक घ्यावयाचें तर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ज्याला थोडक्यांत 'कारा' म्हणतात, नांव नोंदवावें लागतें. डिसेंबर २०२१ अखेर अशीं नांवें नोंदवून वाट पाहणारे अर्जदार २७,९३९ होते. संसदेच्या स्थायी समितीनें ऑगस्ट २०२२ मध्यें आपला अहवाल सादर केला, त्यांत हा आंकडा आहे. त्याच अहवालाप्रमाणें दत्तक देण्याजोगीं अशीं अनाथ, टाकलेलीं किंवा आईबापांनीं स्वखुषीनें सोपविलेलीं ६,९९६ मुलें दत्तक-संस्थांत होतीं. आणि त्यांपैकीं कायद्यानें दत्तकास मोकळीं अशीं केवळ २,४३०. पांच वर्षांपूर्वीं जेथें एक वर्ष थांबावें लागे, तेथें तीन वर्षें थांबावें लागूं लागलें, असेंहि समितीनें नमूद केलें. पुढें कामाचा वेग कांहींसा वाढला. २०२४-२५ या वर्षांत ४,५१५ मुलांचीं दत्तकविधानें झालीं, आणि मागील बारा वर्षांतील ही सर्वांत मोठी संख्या होती. तरी सुद्धां देशाच्या विस्ताराच्या मानानें ती किती लहान आहे!

मागणारे इतके आणि मुलें इतकीं थोडीं, तर संस्थेंत एकहि मूल उरूं नये, असें कोणीहि म्हणेल. पण मुलें उरतात. याचीं कारणें दोन. पहिलें कारण आपल्या घरांत आहे आणि दुसरें कचेरींत.

घरांतलें कारण असें. बहुतेक अर्जदारांना दोन वर्षांच्या आंतलें, निरोगी, सुदृढ मूल पाहिजे असतें. 'आपल्याला आठवण असते, त्याला नसावी', असें एका गृहस्थांनीं मला बोलून दाखविलें होतें. त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. मुलाच्या मनाची पाटी कोरी असावी आणि तिच्यावर पहिलें अक्षर आपण काढावें, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु यामुळें रांग लागते ती एकाच दाराशीं. आणि शेजारच्या दारांत सात वर्षांची मुलगी उभी असते, तिच्याकडे कोणी पाहतहि नाहीं.

आतां कचेरींतलें कारण. संस्थेंत आहे म्हणून कोणतेंहि मूल दत्तक देतां येत नाहीं. तें कायद्यानें मोकळें आहे, असें बालकल्याण समितीनें जाहीर करावें लागतें. आईबापांचा शोध घ्यावयाचा, वर्तमानपत्रांतून जाहिरात द्यावयाची, पोलिसांचा अहवाल मागवावयाचा, आणि मग निर्णय करावयाचा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानें याला मुदत घालून दिली आहे. अनाथ किंवा टाकलेलें मूल दोन वर्षांपर्यंतचें असेल तर दोन महिने, त्याहून मोठें असेल तर चार महिने. आईनें आपण होऊन मूल सोपविलें असेल तर तिला फेरविचारासाठीं दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांना मी विलंब म्हणणार नाहीं. संकटांत सांपडलेल्या आईनें एका दिवसांत केलेली सही ही तिच्या सबंध आयुष्याची सही ठरूं नये, यांत न्यायच आहे.

बालगृहांतील पुष्कळ मुलें मुळीं अनाथ नसतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. दारिद्र्यामुळें, आजारपणामुळें आईनें किंवा बापानें तीं तेथें ठेवलेलीं असतात. अशा मुलांना दत्तक देणें हा उपाय नव्हे. त्यांच्या घराला हातभार लावून त्यांना घरीं पाठविणें हाच उपाय होय. प्रश्न आहे तो या दोहोंच्या मधल्या मुलांचा. ज्यांचा कोणी तरी आहे असें कागद म्हणतो, पण वर्षांनुवर्षें ज्यांना भेटावयास कोणीहि येत नाहीं, तीं मुलें. तीं घरीं जाऊं शकत नाहींत आणि दत्तकहि जाऊं शकत नाहींत. त्यांच्याबद्दल निर्णयच होत नाहीं. आणि निर्णय न करणें हाहि एक निर्णयच असतो, याची कोणाला जाणीव नसते.

मोठ्यांच्या कचेरींत सहा महिने म्हणजे एका अहवालाचा उशीर. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो आठवा हिस्सा आहे. मूल वाढावयाचें थांबत नाहीं. कागद टेबलावर पडून असतो आणि मूल मात्र 'कोणालाहि हवें' या वयांतून 'कोणालाच नको' या वयांत निघून जातें. कचेरींतलें कारण घरांतल्या कारणाला असें येऊन मिळतें.

मीं हें प्रत्यक्ष पाहिलें आहे. कांहीं वर्षें दर रविवारीं मी एका बालगृहांत मुलांना गोष्टी सांगावयास जात असें. गांवाचें अथवा संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. संस्था चांगली होती, माणसें मायाळू होतीं. तेथें एक मुलगी चार वर्षांची असतांना आली. तिचा पत्ता परजिल्ह्यांतला. तिकडून यावयाचा अहवाल येईना. मधून स्मरणपत्रें जात. मधून अधिकारी बदलत. दुष्टपणा कोणींच केला नाहीं. ती आठ वर्षांची झाली तेव्हां माझा पदर धरून तिनें मला विचारलें, "ताई, माझी फाइल आली का?" खेळणें मागावें, खाऊ मागावा, त्या वयांत ती फाइल मागत होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ती मोकळी झाल्याचें जाहीर झालें तेव्हां तिला नववें संपत आलें होतें.

सुदैवानें तिची गोष्ट येथें संपली नाहीं. पंचेचाळिशीच्या आसपासचें एक जोडपें तिला घेऊन गेलें. पुढें वर्षभरानें त्या बाईंची माझी भेट झाली, तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें मोठें मूल दत्तक घेऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्याजोगें आहे. पहिला महिना मुलगी अगदीं शहाण्यासारखी वागली, इतकी कीं घरांत पाहुणी असावी. मग एके दिवशीं उशी झाडतांना उशीखालीं पोळीचे वाळलेले तुकडे निघाले. बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं एका डब्यांत लाडू-चिवडा भरून तो तिच्या अंथरुणाशेजारीं ठेवला आणि सांगितलें, "हा तुझा डबा. संपला की मी भरीन." कांहीं महिन्यांनीं त्या डब्याला मुंग्या लागल्या. बाई म्हणाल्या, "मुंग्या पाहून मला इतका आनंद कधीं झाला नव्हता, म्हणजे पोरगी डबा विसरली होती!"

नंतर परीक्षा सुरू झाली. मुलीची नव्हे, आईबापांची. खोटें बोलणें, वस्तु मोडणें, शाळेला न जाणें. एकदां तिनें सरळच विचारलें, "तुम्ही मला परत कधीं पाठवणार?" बाई म्हणाल्या, "आता कुठं पाठवतेस बाई! रेशनकार्डावर नांव लागलं तुझं." आणि मग एका भांडणांत मुलगी ओरडली, "तूं माझी आई नाहींस!" बाई मला म्हणाल्या, "त्या रात्रीं मी रडलें, पण दुःखानें नव्हे. वर्षभर ती मला 'तुम्ही' म्हणत होती. पहिल्यांदाच तिनें मला 'तूं' म्हटलं." मराठी घरांत 'तूं' कोणाला म्हणतात, तें मीं आपणांस सांगावयास नको.

ही गोष्ट सांगण्याचा हेतु असा, कीं मोठें मूल घरांत रुजत नाहीं असें नव्हे. तें हळू रुजतें, आणि रुजण्याची त्याची रीत निराळी असते. तें आपल्या आठवणी बरोबर आणतें. त्या पुसून टाकण्याचा हट्ट धरूं नये. त्याचें नांव त्याला आवडत असेल तर तेंच राहूं द्यावें. संस्थेंतल्या मैत्रिणीला पत्र लिहावयाचें असेल तर पत्ता आपणच घालून द्यावा. भाऊ-बहीण असतील तर त्यांची ताटातूट होऊं देऊं नये; दोघांना मिळून घर शोधावें. मुलाच्या वयाच्या व समजुतीच्या मानानें त्याच्या इच्छेचा विचार करून मगच दत्तकाचा आदेश द्यावा, असें कायदाहि सांगतो. आणि दहा वर्षांच्या मुलाला विचारणें म्हणजे केवळ विधि नव्हे, तो त्याचा मान आहे.

कायद्यानें वाट मोकळी करण्याचे प्रयत्न केले नाहींत, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें मुलगीहि दत्तक घेतां येऊं लागली. इतर धर्मीयांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालीं केवळ पालक होतां येत असे. बाल न्याय कायद्यानें सर्वांनाच आईबाप होण्याचा मार्ग खुला केला, आणि २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. २०२१ च्या दुरुस्तीनें दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यांत आला, तो विलंब टळावा म्हणूनच. मोठ्या मुलांसाठीं आईबापांच्या वयाची मर्यादाहि सैल ठेवली आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठीं पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या आंत असावी लागते; आठ वर्षांवरील मुलासाठीं ती ११० पर्यंत चालते. शिवाय जें मूल नेहमीच्या क्रमांत कोणीं स्वीकारलें नाहीं, त्याच्यासाठीं रांगेंतली ज्येष्ठता पाहिली जात नाहीं. म्हणजे ज्यांना तीन वर्षें थांबावयाचें नाहीं, त्यांच्यासाठीं दार उघडें आहे; फक्त त्या दारांतलें मूल थोडें मोठें आहे.

ज्यांना एकदम दत्तक घेण्याचा धीर होत नाहीं, त्यांच्यासाठीं आणखी एक मार्ग आहे, आणि तो शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना फारसा ठाऊक नाहीं. मूल कायद्यानें आपलें न करतां कांहीं काळ आपल्या घरांत वाढविणें, याला प्रतिपालन म्हणतात. बालकल्याण समितीच्या आदेशानें संस्थेंतील सहा वर्षांवरील मूल असें कुटुंबांत ठेवतां येतें. पूर्वीं या नात्यांत एक मोठी अडचण होती. मूल त्या घराला आणि घर त्या मुलाला लळा लावून बसे, आणि तरी दत्तकाचा प्रश्न काढावयास पांच वर्षें जावीं लागत. पांच वर्षें म्हणजे बालपणाचा केवढा तरी भाग! २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीं ही मुदत दोन वर्षांवर आणली, आणि एकट्या स्त्रीला वा पुरुषालाहि प्रतिपालनाची मुभा दिली. पुरुषाला मात्र मुलगाच घेतां येतो. मोठ्या मुलाच्या बाबतींत हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधीं ओळख, मग सहवास, मग नातें. लग्नांत सुद्धां आपण आतां हाच क्रम मानूं लागलों आहों.

परंतु प्रतिपालन म्हणजे पसंत पडेपर्यंत ठेवून पाहण्याचा माल नव्हे, हेंहि बजावून सांगितलें पाहिजे. ज्या मुलाला एकदां घर सुटण्याचा अनुभव आला आहे, त्याला तो दुसऱ्यांदा देणें हा मोठा अपराध आहे. म्हणून घेण्यापूर्वीं हवा तितका विचार करावा. घेतल्यावर मात्र मागें पाहूं नये. अडचण आली तर संस्थेच्या समाजसेविकेला विनासंकोच बोलवावें. दत्तकानंतर दोन वर्षें दर सहा महिन्यांनीं विचारपूस करण्याचा नियम आहे. तो पाहारा समजूं नये, आधार समजावा.

आणि रांगेला कंटाळून कोणी आडवाट धरूं नये. एखाद्या प्रसूतिगृहांतून परस्पर तान्हें मूल मिळवून देणारे मध्यस्थ भेटतात. अनाथ, टाकलेलें वा सोपविलेलें मूल कायद्याची रीत सोडून देणें-घेणें हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. त्याहून वाईट हें कीं, त्या व्यवहारांत कुणा एका आईला ते फेरविचाराचे दोन महिने मिळालेले नसतात.

समारोपास पुन्हा आपल्याच इतिहासाकडे वळतें. पण आतां राजवाड्यांत नव्हे. १८६३ मध्यें पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्याप्रतिबंधकगृह काढलें. तेथें बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक जोडप्यानें पुढें आपला म्हणून वाढविला. तोच यशवंत. १८९० मध्यें जोतीराव वारले तेव्हां दत्तक पुत्रानें टिटवें धरण्याला भाऊबंदांनीं हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनीं तें स्वतःच्या हातीं घेतलें. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यांत मायलेक रोग्यांची शुश्रूषा करीत होते, आणि त्याच सांथींत सावित्रीबाईंना मृत्यु आला. या घरांत गादी नव्हती आणि पिंडाची चिंताहि नव्हती. एका मुलाला घर हवें होतें, आणि एक घर त्याचें झालें. दत्तकाचा खरा अर्थ मला येथें सांपडतो.

श्रोतेहो, आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं मुलें शिकून दूर गेलीं असतील, एक खोली रिकामी असेल. कित्येकांनीं काराच्या यादींत नांव घातलें असेल व फोनची वाट पाहत असतील. त्यांना माझी एवढीच विनंति आहे. अर्जांत मुलाच्या वयाचा रकाना येतो. तो भरतांना क्षणभर हात थांबवा आणि बारा वर्षांचा तो कवळाण्याचा मुलगा आठवा. फाइल विचारणारी ती आठ वर्षांची मुलगी आठवा. आणि जे कचेरींत बसतात त्यांना विनंति, कीं टेबलावरचा तो कागद उद्यांवर टाकूं नये. त्या कागदाचें वय वाढत नाहीं; मुलाचें वाढतें.

एवढें सांगून मी आपली रजा घेतें.